अकरा नशिबाचे, बारावा हिशेबाचा

टेबलाच्या कडेला ठेवलेला बेबी मॉनिटर खर्र करून वाजला आणि दुपारची शांतता मोडली. हातातलं सोल्डरिंग आयर्न तसंच अधांतरी धरून मी कान दिला. आतल्या खोलीत भिंगरीनं कूस बदलली असावी. पांघरुणाची सळसळ आली, मग तिचा आवाज. नीट, सुटा सुटा.

"कंदील."

जरा थांबून, "मुंगी."

पुन्हा थांबून, "शिडी."

मी हसले. झोपेत बडबडणारी माणसं आमच्या घरात नवी नाहीत. आजीनं सकाळी चित्रांचं पुस्तक घेऊन बसवलं असेल, तेच चाललं असेल डोक्यात. ती उठत नाही एवढी खात्री करून घेतली आणि पुन्हा खाली मान घातली. तिची दुपारची झोप हेच माझं ऑफिस. साडेतीन वर्षांच्या मुलीच्या आईला वेळ मिळत नसतो, तो चोरावा लागतो. चोरीचं मला वावडं नाही, माझा धंदाच तो आहे.

सासूबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगतात, "आमची सून घरबसल्या कुलपं फोडते. वर पगारही घेते."

खोटं नाही ते. ज्यांची कमाई आभासी चलनात असते, ती माणसं आपली किल्ली एका छोट्या यंत्रात ठेवतात. हार्डवेअर वॉलेट म्हणतात त्याला. बिस्किटाएवढं असतं, एक इवलासा पडदा आणि दोन बटणं. भिंगरीनं त्याचं नाव 'डबी' ठेवलंय आणि आता आम्ही सगळेच डबी म्हणतो. डबी पहिल्यांदा चालू केली की ती पडद्यावर एकामागून एक बारा शब्द दाखवते. मालकानं ते लिहून घ्यायचे आणि जपायचे. डबी हरवली, जळली, समुद्रात पडली तरी हरकत नाही. ते बारा शब्द ज्याच्याकडे, सगळं त्याचं. म्हणून ते शब्द जगात दुसऱ्या कुणालाही ठाऊक असता कामा नयेत. डबी बनवणाऱ्यालाही नाही.

माझं काम, डबी बाजारात जाण्याआधी ती फोडून बघणं. तिच्या पोटात जो कायमचा प्रोग्राम बसवलेला असतो, ते फर्मवेअर, त्यात कुठे फट राहिलीय का ते शोधायचं. कधी मालकाचा पिन नंबर तपासण्याच्या नेमक्या क्षणी चिपची वीज डोळ्याचं पातं लवायच्या आत कमी करायची. चिप अडखळते आणि तपासायचं विसरून दार उघडते. मी त्याला ठेच लावणं म्हणते. कंपनीत आता सगळेच म्हणतात. एखादी चिप ठेच खाऊन दार उघडते तेव्हा जो आनंद होतो, तो मी कुणाला समजावू शकत नाही. मुलीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा झाला होता, त्याच्या जवळपासचा.

आणि या डबीचं तर मला विशेष होतं. तिचे शब्द माझे होते.

भिंगरीच्या वेळी शेवटचे महिने डॉक्टरांनी मला पलंगावरून उठू दिलं नव्हतं. कंपनीला तेव्हा आपल्या भाषेतल्या शब्दांची डबी काढायची होती. दोन हजारांवर शब्द हवे होते. सगळे साधे, लहान मुलाला चित्र काढता येईल असे, आणि ऐकताना एकाचा दुसरा वाटणार नाही असे. मी उताणी पडून एकेक शब्द मोठ्यानं म्हणून बघायचे. 'दोरा' ठेवला म्हणून 'दोरी' काढली. 'माळ' ठेवली आणि 'माळा' हाकलला. 'गारगोटी' घेताना पोटात लाथ बसली, म्हणून ती पक्की केली. शब्द पुरे झाले आणि आठवड्याभरात मुलगी झाली. माझ्यासाठी दोन्ही बाळंतपणं एकच.

तर त्या दुपारी कंदील, मुंगी, शिडी ऐकून मला काही वाटलं नाही. दोन हजार साध्या शब्दांमधले तीन साधे शब्द. घरातलं मूलही तेच बोलणार.

वाटलं ते दोन दिवसांनी, दुसरी डबी उघडली तेव्हा.

पहिली डबी मी आधीच चालू करून बघितली होती. तिचे शब्द अर्थात लक्षात ठेवले नव्हते. चाचणीचे शब्द कुणी लक्षात ठेवत नाही, पानं उलटावीत तसे बटण दाबत पुढे जायचं असतं. दुसरीचं सील फोडलं, वीज दिली. पडद्यावर कंदील आला. बटण दाबलं, मुंगी. पुन्हा दाबलं, शिडी.

मी पहिली डबी काढून तिचे शब्द पुन्हा बघितले. कंदील, मुंगी, शिडी. बाराच्या बारा तेच. तिसरी फोडली, तीही तीच.

माझ्या धंद्यात अशा वेळी माणूस घाबरत नाही, नाचतो. मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मिठी मारली.

"काय फुटलं?" त्यांनी विचारलं.

"सगळंच!"

"मग हात धू आणि जेवून घे."

आमच्या कंपनीत एक रिवाज आहे. सापडलेली फट दोन माणसांसमोर पुन्हा करून दाखवायची. जे पुन्हा घडत नाही, ते घडलंच नाही असं धरायचं. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही डब्या घेऊन गेले. चाचणीच्या खोलीत मॅडम होत्या आणि फर्मवेअर लिहिणारा आजोबा होता. आजोबा माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. केस अवेळी पांढरे झाले म्हणून हे नाव, आणि त्यालाही ते आवडतं.

"आली शंकासूर," तो म्हणाला. "आज कुणाचा बळी?"

"तुझाच. बस."

मी त्याच्याच हातानं नवी डबी उघडवली. कंदील. त्याच्या हातानं दुसरी. कंदील. त्यानं लॅपटॉप ओढला, पडद्यावर बोट फिरवत खाली गेला आणि एका ओळीवर थांबला.

"चिप जागी व्हायच्या आधीच मी तिच्याकडे शब्द निवडायचे आकडे मागतोय," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "ही ओळ खाली हवी होती."

मॅडमना चिपांतलं फारसं कळत नाही, पण विचारायला त्या लाजत नाहीत. "म्हणजे काय?"

"म्हणजे झोपेतून गदागदा उठवून कुणाला विचारलं, एखादा आकडा सांग, तर तो काय सांगेल?" मी म्हणाले. "तोंडात असेल तोच. दर वेळी तोच. पूर्ण जागी झाल्यावर विचारलं, तर चिप दर वेळी वेगळा सांगते."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. हजारो माणसांना एकच किल्ली मिळाली असती हे त्यांना तेवढ्यात कळलं. "वाचवलंस," त्या म्हणाल्या. "आता ऐक. आजोबा दुरुस्त करेल. पण ही डबी बाहेर जाईल ती तुझ्या सहीनं. तू सही केलीस की जाईल, नाही केलीस तर नाही जाणार. आणि गेली, की चाचणी विभाग तुझा. अर्धा दिवस घरून केलंस तरी चालेल."

मूल झाल्यावर ज्या बाईला सगळीकडे 'बघू', 'कळवू' ऐकावं लागलं, तिला हे वाक्य काय वाटलं असेल ते लिहीत नाही. त्या दिवशी घरी येताना मी ताठ चालत होते.

भिंगरीला ते शब्द कुठून आले, याचं उत्तर मी केव्हाच देऊन टाकलं होतं. पहिली डबी बघताना मी मोठ्यानं वाचलं असेल आणि ती तिथेच खेळत असेल. सासूबाईंना विचारलं तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "तू? मोठ्यानं? अगं, काम करताना तुझ्या तोंडाला कुलूप असतं. चहा हवा का विचारलं तर मान हलवतेस."

मी ते सोडून दिलं.

दुरुस्त केलेल्या डब्यांचं खोकं आलं. सीलबंद. मी ते टेबलाखाली सरकवून भिंगरीला झोपवलं. घर शांत झालं. मॉनिटर खरखरला.

"गारगोटी."

थोडी शांतता. मग अगदी हळू, "अं?" समोरच्यानं सांगितलेलं नीट ऐकू आलं नाही की ती करते तसं.

"पंखा." शांतता. "रांजण." शांतता. "ओंजळ."

या वेळी मी शेवटपर्यंत ऐकलं. अकरा शब्द झाले आणि ती थांबली. श्वास पुन्हा संथ झाला.

माझ्या लक्षात दुसरीच गोष्ट आली होती. जागेपणी भिंगरीला र म्हणता येत नाही. गारगोटीची ती गालगोटी करते आणि आम्ही तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो. झोपेतला र मात्र स्वच्छ होता.

मी खोक्यातून एक डबी काढली. वरची घेतली नाही. हात आत घालून तळाची ओढली. सील फोडलं, वीज दिली, चिप जागी होईपर्यंत बोटं टेबलावर दाबून बसले.

गारगोटी.

मी बटण दाबलं. पंखा.

रांजण. ओंजळ. पुढचे सातही तेच, त्याच क्रमानं. बारावा शब्द होता 'उंबरठा'. तो तिनं उच्चारला नव्हता.

इथे एक सांगायला हवं. बारा शब्दांपैकी अकरा चिप निव्वळ योगायोगानं निवडते. बारावा तसा नसतो. तो बराचसा आधीच्या अकरांवरून गणित करून काढलेला असतो, लिहिताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून. आम्ही गमतीनं म्हणतो, अकरा नशिबाचे, बारावा हिशेबाचा. अकरा कळले तर उरलेला एक शोधायला माझ्या कॉम्प्युटरला शिंकेएवढाही वेळ लागत नाही.

भिंगरी फक्त नशिबाचे सांगत होती.

मी पहिला संशय डबीवर घेतला, कारण तिच्यावर संशय घेण्याचे मला पैसे मिळतात. दुरुस्ती फसली असेल. डबी संगणकाला जोडून तिच्याकडून ढिगानं शब्द काढून घेतले. सगळे वेगळे. माझ्याकडे जेवढ्या कसोट्या आहेत तेवढ्या लावल्या. ठेच लावली, गरम केली, फ्रीजमध्ये ठेवून गार केली. एकही फट नाही. इतकी चोख डबी मी आजवर हाताळली नव्हती.

मग संशय मॉनिटरवर. त्याची बॅटरी काढून ठेवली आणि मी स्वतःच पलंगाजवळ बसले. तिची मूठ अर्धी उघडी होती, केस कपाळाला चिकटलेले. मला त्या केसांवरून हात फिरवायचा होता, पण चाचणी चालू असताना हात लावायचा नसतो. फोनवर तिचा आवाज टिपला. डब्या त्या वेळी बंद, खोक्यात, खोकं धान्याच्या पत्र्याच्या डब्यात. ती उठल्यावर मी एक डबी काढली. अकरा जुळले.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "यातली कुठलीही एक काढा."

"कुठली?"

"तुम्हाला हवी ती."

त्यांनी भाजी निवडतात तशी दोन बाजूला सारून एक काढली. अकरा जुळले.

म्हणजे ती डबीत काय आहे ते सांगत नव्हती. बंद डबीत काही नसतंच, शब्द जन्मतात ते वीज दिल्यावर. सासूबाई कुठली डबी काढतील आणि मी तिला कुठल्या क्षणी वीज देईन, ते सगळं घडायच्या आधी तिला कुणी तरी सांगत होतं. ती नुसती मागून म्हणत होती.

खरं सांगते, भीतीच्या आधी मला अभिमान वाटला. माझी मुलगी. दोन हजारांवर शब्द, त्यातले अकरा, नेमक्या क्रमानं. जगातली सगळी यंत्रं जोडली तरी सूर्य विझेपर्यंत जे जमणार नाही, ते माझी मुलगी अंगठा चोखता चोखता करत होती. भीती नंतर आली. आली ती मात्र उठून गेली नाही.

सकाळी चहा पिताना मी भिंगरीच्या बाबाला सांगितलं. तो बूट घालत होता.

"तुझ्यावर गेलीय," तो म्हणाला. "तिच्या वेळी तूही झोपेत शब्द म्हणायचीस की."

"मी तेव्हा शब्द गोळा करत होते. डोक्यात तेच असायचं."

"असेल. पण एक शब्द म्हणायचीस, मग थांबायचीस." त्यानं नाडी बांधली. "मला वाटायचं, कुणी तरी तुला सांगतंय आणि तू मागून म्हणतेस."

"हे कधी बोलला नाहीस?"

"तुझं काम छान चाललं होतं," तो म्हणाला. "कशाला घाबरवायचं?"

सहीचा दिवस ठरला. सही करायची तर एका प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं: हे शब्द मालकाखेरीज कुणाला कळू शकतात का? माझ्याकडे उत्तर होतं, पण दोन माणसांसमोर ते घडवून दाखवलं तरच ते खरं. मी भिंगरीला घेऊन कंपनीत गेले.

मॅडमना सांगितलं, हिची आजी बाहेर गेलीय, म्हणून हिला आणलं. आजोबाला तेही सांगितलं नाही. चाचणीच्या खोलीला भिंतीतून तांब्याची जाळी आहे, बाहेरची लहर आत येत नाही. भिंगरीला तिथल्या मोठ्या खुर्चीवर बसवलं, रंगीत खडू दिले. आजोबानं तिच्यासमोर डबी धरली.

"ओळख बघू, यातून काय येणार?"

"उंदील," भिंगरी म्हणाली.

डबीत आलं 'पिंप'.

"हत्ती?" आजोबानं विचारलं.

"हत्ती एवढ्याशा डबीत कसा मावेल?" ती म्हणाली, आणि सगळे हसले.

मीही हसले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला चक्क राग आला. पाहुण्यांसमोर गाणं म्हण म्हटलं की मूल पडद्यामागे लपतं आणि आई कानकोंडी होते, तसं माझं झालं. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "सांग ना गं. घरी सांगतेस की." तिनं माझ्याकडे बघितलं. माझी आई माझ्याकडून काय मागतेय, असा तो चेहरा होता. तेवढ्यावरून मला माझी लाज वाटली.

थोड्या वेळानं ती मॅडमच्या केबिनमधल्या सोफ्यावर झोपली. मी तिच्या उशाशी बसले. मॅडम कागद आवरत होत्या.

"होडी," भिंगरी म्हणाली.

शांतता.

"अं? ... सुतळी."

"किती गोड बडबडते गं," मॅडम कुजबुजल्या आणि पुन्हा कागदांत शिरल्या.

मी मोजत होते. अकरा झाले. ती थांबली.

काचेच्या भिंतीपलीकडे, जाळीच्या खोलीत, आजोबानं शेवटच्या चाचणीची डबी हातात घेतली. खोलीचं दार लावलेलं होतं. मी उठून आत गेले.

त्यानं वीज दिली.

"वाच मोठ्यानं," मी म्हणाले.

"का?"

"वाच."

"होडी," आजोबा वाचू लागला. "सुतळी. चिमटा. पारंबी."

मी डोळे मिटून घेतले. त्यानं बाराही वाचले. बारावा होता 'आरसा'.

"काय झालं?" तो म्हणाला. "पांढरी पडलीस. फट सापडली का?"

फट. माझ्या धंद्याचा आणखी एक रिवाज आहे. फट सापडली की आधी बनवणाऱ्याला गुपचूप सांगायची, त्याला दुरुस्तीला वेळ द्यायचा, आणि मगच जगाला. मी काचेतून सोफ्याकडे बघितलं. भिंगरीचा एक पाय पांघरुणाबाहेर होता. पायमोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर आलेला.

ही फट कुणाला सांगायची? जो ऐकेल तो डबी दुरुस्त करणार नाही. तो तिला मागेल. दुपारी झोपवेल आणि उशाशी बसून लिहून घेईल. मी नाही का बसले?

आणि मी विचार केला, इंजिनिअर करतो तसा, पायरीपायरीनं. ती सांगते ते मी उघडणार असलेल्या डबीचे शब्द. किंवा मी जिथे आहे तिथे उघडणार असलेल्या. डब्या घरातून गेल्या, माझं काम संपलं, की सांगायला काही उरणार नाही. लवकर सही करावी, लवकर बाहेर जाऊ द्यावी. डबी तर निर्दोष होतीच. मी इतकी निर्दोष डबी पुन्हा बघणार नव्हते.

"नाही," मी आजोबाला म्हणाले. "कुठेही फट नाही."

मी सही केली. मॅडमनी हात हातात घेतला. आजोबानं माझ्यासमोर कमरेत वाकून नाटकी मुजरा केला, "शंकासूर पावली!" माझ्या शब्दांची डबी माझ्या सहीनं जगात गेली, आणि चाचणी विभागाच्या दारावर माझ्या हुद्द्याची पाटी लागली. सासूबाई मुद्दाम ती बघायला आल्या आणि पदरानं पुसून गेल्या. पाटी नवीन होती, पुसायची गरज नव्हती.

खोकं परत गेलं. घरात एकही डबी उरली नाही.

दुपारी मी मॉनिटर कानाशी धरून बसले. नुसता श्वास. दुसऱ्या दिवशीही नुसता श्वास. मी त्या आठवड्यात भिंगरीचे सगळे हट्ट पुरवले.

मग विक्री सुरू झाली.

त्या दुपारी मॉनिटर खरखरला. "विहीर," भिंगरी म्हणाली. "कात्री."

मी टेबलाखाली बघितलं. खोकं नव्हतं. कपाट बघितलं, पिशव्या झटकल्या. घरात डबी नव्हती. मी कुठलीही उघडणार नव्हते. ती बोलत होती. अकरा झाले. ती थांबली नाही. लगेच दुसरे अकरा.

मी चुकले होते. ती माझ्या डब्या सांगत नव्हतीच कधी. आधी फक्त आम्हीच उघडत होतो, आता विकत घेणारे उघडत होते, एवढंच.

पहिली खेप संपली. मॅडमचा फोन आला, दुसरी निघाली, तिसरीची मागणी आहे. "तुझ्या शब्दांनी लोकांना वेड लावलंय," त्या म्हणाल्या. मी आभार मानले. माझा आवाज आनंदी आला असावा. काही अंशी मी आनंदी होतेही.

आता तिच्या शब्दांमध्ये शांतता नसते. 'अं?' सुद्धा नसतो.

मी तिची दुपारची झोप बंद केली. त्यानं काही झालं नाही. ती खेळता खेळता थांबते, मान किंचित कलती करते, ओठ हलतात.

आज सकाळी मी तिची वेणी घालत होते. ऊन खिडकीतून तिच्या मानेवर पडलं होतं. आरशात ती माझ्याकडे बघत होती, किंवा माझ्या मागे.

"आई."

"काय गं राणी?"

"आधी एकेक जण यायचा." प्रत्येक शब्द स्वच्छ होता. "आता सगळे बरोबर येतात, आणि सगळे एकदम सांगतात. मी आधी कुणाचं ऐकू?"